पाण्याचा आराखडा तुटीच्या वर्षावर बेतावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या प्रदेशाच्या पुढील तीस वर्षांच्या पाणीपुरवठ्याचा आराखडा करताना संभाव्य लोकसंख्येला दरडोई लिटरने गुणायचे, त्यातून आजचा पुरवठा वजा करायचा आणि उरलेल्या तुटीसाठी लांबचे धरण शोधायचे, अशी सर्वसाधारण रीत आहे. लोकसंख्या दरसाल २ टक्क्यांनी वाढली तर ती सुमारे ३५ वर्षांत दुप्पट होते, त्यामुळे मागणीचे गणित मांडावेच लागते. परंतु स्रोत वाईट वर्षी किती पाणी देईल, हे तितक्याच काटेकोरपणे तपासले जात नाही, हा माझा आक्षेप आहे.

अमेरिकेतील कोलोरॅडो नदीचे पाणी १९२२च्या करारान्वये वाटले गेले, ते नेमके भरपूर पाण्याच्या वर्षांच्या नोंदी धरून. कागदावर वाटलेले तेवढे पाणी नदीला पुढे सरासरीनेही आले नाही आणि त्याच्या भरवशावर वाढलेली शहरे व शेती यांच्यात आजही ओढाताण चालू आहे. केपटाउन तर पाणीबचतीसाठी नावाजलेले शहर होते. तरीही लागोपाठ तीन वर्षे पाऊस कमी झाला आणि फेब्रुवारी २०१८पासून तेथे माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घालावी लागली.

नवे धरण बांधण्याआधी गळती मोजावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. जेथे पुरवठा अखंड आहे, तेथे पहाटे दोन ते चारच्या दरम्यान बहुतेक घरांतले नळ बंद असतात. त्या वेळीही मुख्य जलवाहिनीवरच्या मीटरचा काटा भरभर फिरत असेल, तर त्यातले बरेचसे पाणी सांध्यांतून आणि जुन्या जोडण्यांतून जमिनीत मुरत आहे, असे समजावे. वर्षानुवर्षे चिकाटीने वाहिन्या बदलून टोकियोने आपली गळती ३-४ टक्क्यांपर्यंत खाली आणली आहे. तसेच धरणात साठणाऱ्या गाळामुळे साठवणक्षमता दरवर्षी घटत असते. तीस वर्षांनंतरच्या हिशेबात धरणाची आजचीच क्षमता धरणे चूक आहे.

घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. लोकसंख्येबरोबर आपोआप वाढणारा आणि पाऊस हुलकावणी देतो तेव्हाही हाताशी राहणारा हा स्रोत आराखड्यात मात्र शेवटच्या प्रकरणात, जेमतेम परिच्छेदभर येतो. नामिबियातील विंडहूक शहर १९६८पासून सांडपाणी शुद्ध करून पिण्यासाठी वापरत आहे. सिंगापूरने २००३मध्ये असा पुरवठा सुरू केला आणि त्यातले बहुतांश पाणी उद्योगांना दिले. पिण्याबाबत लोकांच्या मनात संकोच असेल, तर तो समजण्यासारखा आहे. पण उद्योग, बांधकामे आणि उद्याने यांना हे पाणी द्यायला काहीच हरकत नसावी. तेवढेच चांगले पाणी पिण्यासाठी मोकळे होईल.

म्हणून नव्या वसाहतीला परवानगी देण्यापूर्वी तिच्या पाण्याचा स्रोत तुटीच्या वर्षीही पुरेल, याची लेखी खात्री घेतली जावी. आराखड्यावर हरकती मागवताना अशा वर्षाचा जमाखर्च गळती व गाळासह पहिल्याच पानावर छापावा आणि दर पाच वर्षांनी प्रत्यक्ष नोंदींशी ताडून तो पुन्हा जाहीर करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक