टिफ्रॅकला पाठ्यपुस्तकात जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भारतातला पहिला संगणक कोणता, या प्रश्नाला स्पर्धा परीक्षांच्या गाईडांत कुठे ‘सिद्धार्थ’ असे उत्तर छापलेले असते, कुठे ‘परम’. मुले ते पाठ करून मोकळी होतात. दोन्ही उत्तरे चूक आहेत. चुकीहून अधिक लागते ते असे, की जे यंत्र खरोखर मुंबईत बांधले गेले त्याचे नाव मुंबईच्या मुलांच्याही कानावर पडत नाही. ते नाव टिफ्रॅक, म्हणजे ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च ऑटोमॅटिक कॅल्क्युलेटर’.

कोलकात्याचे श्रेय आधी देऊन टाकतो. पन्नासच्या दशकाच्या मध्याला प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने ब्रिटनहून एचईसी-२एम हा संगणक आणवला. देशात चाललेला पहिला अंकीय संगणक तोच. पण तो विकत घेतलेला होता. आराखड्यापासून आपल्याकडे तयार झालेला पहिला सर्वोपयोगी अंकीय संगणक मात्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाला. अमेरिकेतून गणितात पीएच.डी. करून आलेले रंगस्वामी नरसिंहन १९५४ साली या संस्थेत रुजू झाले आणि मोजक्या तरुणांचा चमू घेऊन कामाला लागले. नरसिंहन सोडले तर त्यांच्यातल्या कुणी संगणक कधी वापरलाही नव्हता. तरीही १९५६ साली त्यांचे छोटे प्रायोगिक यंत्र चालू झाले आणि फेब्रुवारी १९६० मध्ये पूर्ण आकाराचा संगणक कामाला लागला. जानेवारी १९६२ मध्ये कुलाब्याच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला पंडित नेहरू आले, तेव्हा त्याचे रीतसर नामकरण झाले.

हे यंत्र अठरा फूट लांब, आठ फूट उंच आणि अडीच फूट खोल अशा पोलादी सांगाड्यात बसवलेले होते. आतल्या मंडलांना हात घालता यावा म्हणून दोन्ही बाजूंना दारे होती. आत सुमारे २७०० व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या), १७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर. ज्यांनी व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्त केला आहे त्यांना यातली मेख लगेच कळेल. पाच व्हॉल्व्हच्या रेडिओत एक गेला तरी शोधाशोध करावी लागते. इथे ते २७०० होते, सगळे तापणारे, आणि त्यातला एक बिघडला तरी उत्तर चुकू शकत होते.

त्याच्या स्मृतीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मला सर्वांत अधिक कौतुक तिचेच आहे. फेराइट या चुंबकीय पदार्थाचे मोहरीएवढे मणी, त्यांच्यातून आडव्या-उभ्या ओवलेल्या तारा. मणी एका दिशेने चुंबकित झाला तर एक, उलट दिशेने झाला तर शून्य. एका तारेतून अर्धाच प्रवाह सोडला तर मणी ढिम्म राहतो. आडवी आणि उभी अशा दोन्ही तारांतून मिळून पुरा प्रवाह आला, तरच त्या दोहोंच्या छेदावरचा मणी पालटतो. हजारो मण्यांतून नेमका एक निवडायची ही युक्ती. वाचताना मण्यातली नोंद पुसली जाते, म्हणून वाचल्याबरोबर ती पुन्हा लिहावी लागते. तंत्रनिकेतनात शिकवत असताना लॅमिंग्टन रोडच्या जुन्या मालातून मिळालेली अशी एक चौकट मी वर्गात दाखवत असे. मोबाइलवर वाढलेली मुलेही ती उजेडासमोर धरून बराच वेळ बघत राहत.

टिफ्रॅकमध्ये ४० बिटांचे २०४८ ‘शब्द’ (एकेक शब्द म्हणजे ४० एक-शून्यांचा गट) मावत; एका बिटाला एक मणी, म्हणजे जवळजवळ ८२,००० मणी. आजच्या हिशेबात हे दहा किलोबाइट होतात. मोबाइलवर येणारा एखादा साधा फोटोही याहून मोठा असतो. अमेरिकेत एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकात ही चुंबकीय स्मृती बसली १९५३ साली. दोन-तीन वर्षांत मुंबईतल्या या तरुणांनी तीच वाट धरली, याला माझ्या मते धाडस म्हणावे लागेल.

टिफ्रॅक कामाला लागला तेव्हा जग व्हॉल्व्ह सोडून छोट्या ट्रान्झिस्टरकडे वळले होते, हे खरे आहे. १९६४ साली संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकी संगणक आला आणि लवकरच टिफ्रॅक निवृत्त झाला. एवढ्यावरून त्याला कालबाह्य प्रयोग ठरवणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. यंत्र जुने झाले, पण ते बांधताना माणसे तयार झाली. नरसिंहन १९६५ साली कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष झाले. पी. व्ही. एस. राव यांनी याच यंत्रासाठी आलेख आणि अक्षरे दाखवणारा पडदा तयार केला होता; पुढे ते यंत्राला बोलणे कळावे यासाठी झटले. पुण्यात १९९१ साली ‘परम ८०००’ झाला, त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण तो पहिला भारतीय महासंगणक. त्याच्या तीन दशके आधी या देशातल्या अभियंत्यांनी अख्खा संगणक बांधून चालवला होता.

इतर देशांनी आपली अशी यंत्रे कशी सांभाळली ते पाहा. ऑस्ट्रेलियाचा सीएसआयआरएसी १९४९ साली चालू झाला आणि १९६४ साली थांबला. तो आजही मेलबर्नमध्ये अख्खाच्या अख्खा पाहायला मिळतो. मँचेस्टरने आपल्या १९४८ च्या ‘बेबी’ या संगणकाची चालती प्रतिकृती पन्नासाव्या वर्षी उभी केली.

माझ्या मागण्या साध्या आहेत. राज्याच्या पाठ्यपुस्तकांत टिफ्रॅकवर निदान एक परिच्छेद यावा, चित्रासह. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मण्यांच्या स्मृतीची हाताळता येईल अशी मोठी प्रतिकृती ठेवावी; बटण दाबले की मणी पालटलेला दिसला पाहिजे. आणि सर्वांत निकडीचे म्हणजे, त्या काळी पंचविशीत असलेली माणसे आज नव्वदीच्या पुढे आहेत. त्यांच्यापैकी, आणि पुढे या यंत्रावर आपली गणिते घेऊन गेलेल्यांपैकी, जे कोणी आपल्यात असतील त्यांच्या आठवणी या वर्षीच ध्वनिमुद्रित व्हायला हव्यात.

आपल्या वाचकांनाही एक विनंती. घरात वडिलांच्या-आजोबांच्या कपाटात छिद्रे पाडलेल्या कागदी फिती, हाताने काढलेली मंडलांची रेखाटने, टिफ्रॅकसमोरचे एखादे छायाचित्र असेल, तर ते रद्दीत घालू नका. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अभिलेखागाराला कळवा.

आपला नम्र,
एक निवृत्त अधिव्याख्याता (इलेक्ट्रॉनिक्स), डोंबिवली