आई, ते मला हिणवत नव्हते

लीड्स, रविवार

ती. बाबा आणि सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. जेवण वेळेवर होतं, थंडीचे कपडे पुरेसे आहेत, खोलीतला हीटर नीट चालतो. ड्यूटीचं वेळापत्रक तुम्हाला पाठच आहे, ते पुन्हा लिहीत नाही. लिहायला बसले ते गुरुवारच्या व्हिडिओ कॉलसाठी. त्यानंतर आई गप्प झाली आणि बाबांनी मेसेजमध्ये "सांभाळून राहा" एवढंच लिहिलं, ते माझ्या डोक्यातून जात नाही.

आई, तू ऐकलंस ते खरंच आहे. मी स्टाफरूममध्ये शिरले तशी आमच्या वॉर्डातली ती उंच बाई ओरडली, "आल्या बघा राणीसाहेब! आता तरी चहा मिळेल का आम्हाला?" आणि बाकीचे हसले. तुला वाटलं, पोरीला इतकं शिकवलं आणि परक्या मुलखात सगळ्यांसमोर चहावरून बोलणी खातेय. तसं नाही गं. इथे जो चहासाठी उठेल त्याने खोलीतल्या प्रत्येकाला विचारायचं आणि सगळ्यांचा करून आणायचा, असा रिवाज आहे. स्वतःपुरता कप भरून घेणाऱ्याला मोठा डॉक्टर असला तरी ऐकावं लागतं. त्या दिवशी पाळी माझी होती. मी लगेच म्हटलं, "राण्या चहा करत नाहीत, माणसं नेमतात. आज तुमची नेमणूक!" सगळ्यात मोठ्याने तीच हसली. नेमका तोवर कॉल कट झाला होता, त्यामुळे माझं उत्तर तुझ्यापर्यंत पोचलंच नाही.

याला इथे 'बँटर' म्हणतात. बाबांनी कोशात 'थट्टा, चेष्टा' असा अर्थ बघून घोर लावून घेतला. अर्थ चुकीचा नाही, अपुरा आहे. थट्टा एकटा माणूसही दुसऱ्याची करू शकतो, बँटरला दोघं लागतात. समोरच्याने परतफेड करायची आणि दोघांनी हसायचं. एकजण बोलतोय आणि दुसरा खाली मान घालून ऐकतोय, तर ते बँटर नव्हे. बाबा, शब्दाचं अनेकवचन सहसा होत नाही, 'अ बिट ऑफ बँटर' म्हणतात. अमक्याचं बँटर चांगलं आहे असं कुणी म्हटलं तर ती मोठी स्तुती समजायची.

नव्या माणसाशी असं कुणी बोलत नाही. मी आले तेव्हा सगळे माझ्याशी फार सभ्यपणे वागायचे, दर वाक्याला प्लीज आणि थँक्यू, आणि मी खोलीत गेले की चाललेलं हसणं थांबायचं. ते दिवस मला जड गेले. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, कारण सांगून तुमची झोप गेली असती. मग एकदा कुणीतरी माझ्या अक्षराची फिरकी घेतली आणि मला घरी येताना बसमध्ये इतकं हलकं वाटलं! आपल्याकडे चेष्टेला आधी नातं लागतं. दीर-भावजयीची चालते, मेहुण्यांची चालते, सासऱ्यासमोर तोंड मिटावं लागतं. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, वॉर्डच्या मुख्य सिस्टरलाही. मग कोण जवळचं हे चेष्टेवरूनच कळतं.

त्यालाही मर्यादा आहेत. चहा, अक्षर, फुटबॉलचा संघ, गाव यांवर वाटेल ते बोलतात. शेजारच्या लँकशायर परगण्यातून कुणी आला तर आमच्या यॉर्कशायरची माणसं त्याला सोडतच नाहीत, पांढऱ्या गुलाबाचं चिन्ह यांचं आणि तांबड्याचं त्यांचं. पण कुणाचं आजारपण, मूल नसणं, घरात झालेला मृत्यू, याला कुणी हात लावत नाही. पेशंटही यात मागे नसतात. एक आजोबा मला म्हणाले, "तुमचा संघ हरला असेल तर आज सुई दुसरीकडून टोचून घेतो." मी म्हटलं, "परवाच जिंकलोय, तेव्हा हलक्या हाताने देते." आणि हो आई, बसचा ड्रायव्हरसुद्धा 'लव' म्हणतो. ते आपल्या 'ताई'सारखं आहे, त्यात काही नाही.

बाबा, तुम्हाला आवडेल म्हणून लिहिते. हा शब्द सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रस्त्यावरून भाषेत आला आणि त्याचं मूळ आजवर कुणाला ठामपणे सांगता आलेलं नाही. लेखक जोनाथन स्विफ्टने १७१० मध्ये 'टॅटलर' या नियतकालिकात लिहिलं की 'मॉब' (जमाव) आणि 'बँटर' या शब्दांना रोखायची त्याने खूप खटपट केली, पण लोकांपुढे इलाज चालला नाही. कोशकार सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या इंग्रजी कोशात त्याला रानटी म्हटलं. तेव्हा शब्दाच्या अर्थामध्ये खिल्लीच जास्त होती, स्नेह नंतर आला.

मस्करीची कुस्करी इथेही होते, हे मी लपवत नाही. तुम्ही इथल्या हेडिंग्ली क्रिकेट मैदानाचं नाव वेंगसरकरच्या १९८६ च्या शतकासाठी काढता, पण तिथल्याच यॉर्कशायर क्लबचा माजी क्रिकेटपटू अझीम रफीकने २०२१ मध्ये संसदेच्या समितीपुढे सांगितलं ते वाचून मला वाईट वाटलं. वंशावरून त्याला जे बोललं गेलं, ते क्लबच्या चौकशीत स्नेहातलं बँटर ठरवलं होतं. नंतर हेडिंग्लीवरचे आंतरराष्ट्रीय सामने काही काळ काढून घेतले. २०१० च्या समानता कायद्यात बोलणाऱ्याचा हेतूच नव्हे, ऐकणाऱ्यावर झालेला परिणामही बघतात, त्यामुळे "गंमत केली हो" म्हणून सुटता येत नाही. एका बदली कर्मचाऱ्याने माझ्या उच्चारांची नक्कल केली होती. मी हसले नाही. त्याला थांबवलं कुणी, तर त्याच उंच बाईने. म्हणून तिच्याबद्दल तू मनात काही ठेवू नकोस.

आता घरचं. काल पन्नास हजार पाठवलेत. त्यातून बाबांच्या मोतीबिंदूचं उरकून घ्या, आणि डॉक्टर म्हणाले तर दुसऱ्या डोळ्यालाही पैशासाठी थांबू नका. गच्चीच्या गळतीचं पुढच्या महिन्यात बघू. ऑपरेशनच्या दिवशी मला रजा मिळणार नाही. मी विचारून पाहिलं, आई, खरंच विचारलं. दिवसभर इतरांच्या वडिलांच्या डोळ्यांत ड्रॉप्स घालते आणि आपल्या घरी ते काम दादावर टाकते. तो वेळा विसरेल, तूच घाल.

मावशीने आणलेल्या मिरजेच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही, हे तिला नीट सांग. फोटो आणि पगार बघून हो म्हणणार नाही, एवढंच. त्याचा नंबर पाठव, मी स्वतः बोलेन. मी उलट उत्तर दिलं की त्याला हसू येतं की राग, ते मला बघायचंय. पत्रिका तेवढ्यात जुळवून ठेवायची तर ठेवा, पण शब्द देऊ नका.

ऑपरेशनची तारीख ठरली की इथे रात्रीचे किती वाजलेत ते न बघता फोन करा.

तुमची,
सोनू