सप्टेंबरच्या पंधरा दिवसांवरून पोराचं भविष्य सांगू नका

संपादक साहेब, नमस्कार.

तुमचा पेपर मी एडिसन, न्यू जर्सीत बसून रोज सकाळी फोनवर वाचतो, आणि क्रीडा पानावर क्रिकेटर आयुष म्हात्रेबद्दल काही आलं की ते आधी वाचतो कारण पोरगा विरारचा आणि आमचे निम्मे नातेवाईक वसई-विरारकडचे. पण आजचं पत्र बेसबॉलबद्दल आहे. मराठी पेपरला बेसबॉलचं पत्र कशाला असं म्हणाल, तर त्याचं कारण पुढे येतंच, जरा धीर धरा.

हे लिहितोय तेव्हा इथे २०२५ चा सीझन संपत आलाय, शेवटचा आठवडा चालू आहे, न्यूयॉर्क यँकीज आणि टोरांटो या टीममध्ये डिव्हिजन, म्हणजे आपला गट, जिंकायला जोरदार चुरस आहे, यँकीजचा आरन जज पन्नासच्या पुढे होमर (आपल्या सिक्सरसारखं, बॉल थेट बाउंड्रीबाहेर) मारून बसलाय, आणि एवढं सगळं सोडून आमच्याकडचे लोक भांडतायत कोणावरून तर बेंचवर बसलेल्या एका बावीस वर्षांच्या पोरावरून. जेसन डोमिंगेझ, यँकीजचाच. ब्रॉन्क्सला जाणाऱ्या डी ट्रेनमध्ये तेच, रेडिओवर डब्ल्यूएफएएन या स्पोर्ट्स स्टेशनला फोन करणाऱ्यांचं तेच, ऑफिसात कॉफी मशीनपाशी तेच. एक म्हणतो हा फुगा फुटला, विकून टाका याला आणि एखादा पिचर (म्हणजे बॉलर) आणा. दुसरा म्हणतो अरे त्याला खेळवा तरी, खेळवल्याशिवाय कसं कळणार. आणि दोघंही आपल्या बाजूने आकडे फेकत असतात, आणि गंमत म्हणजे दोघांचेही आकडे खरे असतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डोमिंगेझ डॉमिनिकन रिपब्लिकचा. २०१९ मध्ये, वय वर्षं १६, यँकीजनी त्याला ५१ लाख डॉलर देऊन साइन केलं. सोळाव्या वर्षी! एकही प्रोफेशनल मॅच खेळायच्या आधीच लोकांनी त्याला 'मार्शियन' म्हणजे मंगळावरून आलेला असं नाव दिलं, यँकीजचा जुना महान खेळाडू मिकी मँटलशी तुलना केली, त्याची कार्डं हजारो डॉलरला विकली गेली. २०२३ मध्ये तो बराच काळ सॉमरसेट पेट्रियट्स या यँकीजच्या खालच्या टीमकडून खेळला, ते ग्राउंड ब्रिजवॉटरला आहे, आपली बालाजी मंदिराला जाणारी मंडळी त्याच गावात जातात पण तिथे मॅच असते हे निम्म्यांना माहीत नसतं. तिकीट स्वस्त, पार्किंगला त्रास नाही, आणि उद्या टीव्हीवर दिसणारी पोरं तुमच्यापासून वीस फुटांवर. मी बघितलंय त्याला तिथे, बॉल बॅटला लागला की जो आवाज यायचा तो बाकीच्यांच्या बॅटचा येत नव्हता, पण आवाजावरून कोणी स्टार होत नाही हे पण खरंच.

मग १ सप्टेंबर २०२३, ह्यूस्टन, मोठ्या लीगमधली पहिलीच अ‍ॅट-बॅट (म्हणजे पिचरसमोर खेळायची पाळी) आणि समोर नावाजलेला पिचर जस्टिन व्हर्लँडर. होमर. आठ मॅचमध्ये चार होमर मारले आणि आख्खं न्यूयॉर्क वेडं झालं, आणि नेमकं तेव्हाच कोपराचं लिगामेंट फाटलं, ऑपरेशन, सगळं थांबलं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये परत वर बोलावलं. त्या वर्षी सगळ्या मिळून १८ मॅच, ५६ अ‍ॅट-बॅट, १० हिट (बॉल मारून बेसवर सुरक्षित पोचणं), दहा भागिले छप्पन म्हणजे ॲव्हरेज .१७९. लगेच तेच लोक म्हणायला लागले की संपला.

आता या ५६ चं काय ते बघा. पिचरसमोर उभं राहून खेळलात की एक अ‍ॅट-बॅट, वॉक (पिचरने चार बॉल बाहेर टाकले की फुकट बेस) मिळाला तर ती धरत नाहीत. रोज खेळणाऱ्या माणसाच्या सीझनभरात पाचशेच्या वर होतात. ५६ म्हणजे पंधरवड्याचं काम. दहाच्या जागी चौदा हिट झाल्या असत्या तर ॲव्हरेज थेट .२५०, आणि अजून तीन पडल्या असत्या तर .३०० च्या वर, म्हणजे ऑलस्टार. सात बॉल. एखादा शॉर्टस्टॉप या फिल्डरच्या डोक्यावरून गेला, एखादा वाऱ्याने आत पडला, एखादा अंपायरने स्ट्राइक दिला नाही, बस्स एवढ्यात 'संपला' आणि 'पुढचा मँटल' यातलं अंतर भरून निघतं. आणि त्यावर लोक तावातावाने दोन-दोन तास बोलतात!

आणि .१७९ वरून आठवलं, हाच आकडा यँकीजच्या लोकांनी आधी एकदा पाहिलाय. २०१६ मध्ये ऑगस्टच्या मध्याला एक सहा फूट सात इंचाचा पोरगा वर आला, पहिल्याच अ‍ॅट-बॅटला होमर मारला आणि मग धडाधड आउट व्हायला लागला, ८४ अ‍ॅट-बॅटमध्ये ४२ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट), बरोब्बर निम्म्या, ॲव्हरेज .१७९. तेव्हा पण हेच चाललं होतं, एवढ्या उंच माणसाचा स्ट्राइक झोनच (ज्यातून बॉल गेला की स्ट्राइक धरतात) मोठा, हा कधी टिकणार नाही वगैरे. पुढच्या वर्षी त्याने ५२ होमर मारले. तो आरन जज. २०२२ ला ६२ मारले ते सगळ्यांना माहीतच आहे.

पण उलटी उदाहरणं पण द्यायला पाहिजेत नाहीतर मी पण त्या रेडिओवाल्यांसारखाच. १९९८ चा शेन स्पेन्सर, २७ मॅचमध्ये १० होमर, .३७३, एकट्या सप्टेंबरमध्ये तीन ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर माणसं असताना होमर), लोकांना वाटलं देव सापडला, आणि नंतर पूर्ण सीझनमध्ये कधी बाराच्या वर होमर गेले नाहीत. १९९० चा केविन मास, ७९ मॅचमध्ये २१ होमर, आणि तीन वर्षांत यँकीजमधून बाहेर. (दोघंही पुढे जपानमध्ये हानशिन टायगर्सकडून खेळले, योगायोगच म्हणायचा.) म्हणजे सीझनच्या मध्ये किंवा शेवटी आलेला पोरगा चांगला खेळला तरी काही सिद्ध होत नाही आणि वाईट खेळला तरी नाही.

मग बघायचं काय? माझं मत असं की हिट सोडा, ज्यात नशीब कमी आहे ते बघा. झोनच्या बाहेरचा बॉल सोडतोय का. बॅटवरून बॉल किती जोरात जातोय. फिल्डिंगला पहिलं पाऊल बरोबर दिशेला पडतंय का. या हिशोबाने डोमिंगेझचा २०२५ बघितला तर चित्र वेगळं दिसतं आणि सगळं गोड नाहीये. तो दोन्ही हातांनी खेळतो, डाव्या हाताने चांगला मारतो, वेग आहे, वीसपेक्षा जास्त बेस चोरले (हिट नसतानाच पुढच्या बेसवर पळून), मे महिन्यात सॅक्रामेंटोला एकाच मॅचमध्ये तीन होमर मारले त्यातला एक ग्रँड स्लॅम. पण उजव्या हाताने खेळताना दोनशेच्या आसपास अडकलाय, आणि तो मुळात सेंटर फिल्डचा, त्याला लेफ्ट फिल्डला टाकलाय तर तिथे बॉल कुठे पडणार याचा अंदाजच येत नाही त्याला, कितीदा मागे पळून परत पुढे येतो. वर्षभरात होमर जेमतेम दहा. दुसरीकडे टीममधल्याच ट्रेंट ग्रिशमने तीसच्या वर मारले, बेलिंजर लेफ्टला पक्का, आणि मध्ये जजचं कोपर दुखावलं तेव्हा तो फक्त बॅटिंग करत होता म्हणून एरवी फक्त बॅटिंग करणाऱ्या स्टँटनला आउटफिल्डमध्ये उभं केलं, झालं, पोराची जागाच गेली. मॅनेजर बूनला नावं ठेवणारे ठेवतात पण डिव्हिजनची रेस चालू असताना कुठलाही मॅनेजर हेच करेल.

खरी अडचण नियमात आहे असं मला वाटतं. आधी सप्टेंबरमध्ये टीमला ४० पर्यंत खेळाडू ठेवता यायचे, त्यामुळे पोरांना आरामात ट्राय करता यायचं, स्कोर एकतर्फी झाला की टाक आत. आता २६ चे फक्त २८ होतात, आणि त्यातला एक बहुतेक पिचरच असतो. त्यामुळे वर येणाऱ्या पोराची प्रत्येक अ‍ॅट-बॅट म्हणजे बोर्डाचा पेपर. आणि तरुण खेळाडूसाठी बेंचवर बसणं हे सगळ्यात वाईट, त्यापेक्षा खालच्या लीगमध्ये, स्क्रँटनच्या टीमकडून रोज चार-चार वेळा उजव्या हाताने मारू दे की. हे मी त्याच्या बाजूचा असून म्हणतोय.

आता तुमच्या पेपरचा संबंध. एप्रिलमध्ये आयपीएलमध्ये आयुषने वानखेडेवर १५ बॉलमध्ये ३२ काढले आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'पुढचा सचिन' सुरू. पंधरा बॉल! त्याच विरारच्या पृथ्वी शॉने राजकोटला पहिल्याच कसोटीत १३४ केले, वय १८, तेव्हा काय काय लिहिलं गेलं ते सगळ्यांना आठवत असेल, आणि कसोट्या खेळला एकूण पाच. पृथ्वीचं काय चुकलं हे मी इथून सांगणार नाही, पण आपण पण त्याला एका इनिंगवरून डोक्यावर घेतला आणि काही इनिंगवरून खाली टाकला हे तर खरं ना.

म्हणून विनंती एवढीच की कुठल्याही तरुण पोराबद्दल छापताना ॲव्हरेज आणि स्ट्राइक रेटच्या शेजारी किती इनिंग, किती बॉल खेळला ते पण छापा, आणि रणजीचे आणि जमलं तर कांगा लीगचे पूर्ण स्कोर द्या, बारीक अक्षरात चालतील, आम्ही फोनवर झूम करून वाचू. आणि डोमिंगेझला प्लेऑफमध्ये खेळवलं आणि तुमच्याकडे एजन्सीची बातमी आली तर दोन ओळी त्याच्या पण टाका.

— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी