आधी पाकोळी दाखवा, मग माझी जागा मोजा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या गावात दोघं जण गाडी घेऊन आले, हातात टेप, मोबाईलवर नकाशा, आणि माझ्या धुऱ्यालगतची पाऊण एकर पडीक जागा पाहून म्हणे काका, पाकोळी फार्मसाठी ही जागा एक नंबर आहे. मी म्हटलं पाकोळी म्हणजे उडतं पाखरू, तिचा काय फार्म असते बाप्पा? तर म्हणे तीन मजली बिना खिडक्यांची बिल्डिंग बांधायची, आत अंधार ठेवायचा, छताला लाकडी पट्ट्या ठोकायच्या, पक्षी येऊन लाळेचं घरटं करते, ते चीनमध्ये सूप करून खातात, किलोला लाखाच्या घरात भाव. साइट सर्व्हेची फी आधी भरा, बाकी कंपनी पाहून घेते.

आता यातलं बरंचसं खरं आहे बरं का, म्हणूनच तर लोक फसतात. माझा भाचा मलेशियात पेनांगला फॅक्टरीत कामाला आहे, त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं तर त्याने व्हिडिओच पाठवला, खाली दुकान, वरच्या मजल्याला भोकं, आणि आतून स्पीकरवर चिवचिव चालू. मलेशिया, इंडोनेशियात हा मोठा धंदा आहे. पण भाच्याने एक गोष्ट सांगितली ती या दोघांनी सांगितली नाही. तिथे जागा पाहणारा माणूस टेप काढतच नाही. तो सकाळ-संध्याकाळ जाऊन वर आभाळ पाहतो. तीच जात, जिचं घरटं विकल्या जाते, ती या जागेवरून जाते का, किती जातात, गुहेतून चरायला जायचा-यायचा रस्ता हाच आहे का. मग तिचा आवाज स्पीकरवर लावून पाहतो, घिरट्या घालायला किती येतात ते मोजतो. नाही आल्या तर जागा फुकट दिली तरी घेत नाही, कारण हा पक्षी विकत आणून सोडता येत नाही. कोंबडीसारखं कोंडून दाणे टाकता येत नाहीत, तो उडता उडता हवेतले किडे खातो, त्याला फांदीवर बसतासुद्धा येत नाही, नखांनी भिंतीला लटकून राहते. बिल्डिंग तुमची पण मर्जी त्याची. आणि हे टेपवाले दोघं म्हणतात पिल्लं आम्ही पुरवू!

तरी मी म्हटलं बरं, आपल्याकडे पक्षी आहे का दाखवा. तर मला गाडीत बसवून गोसेखुर्दच्या कालव्यावरच्या पुलाखाली नेलं आणि म्हणे पाहा काका किती घरटी. अहो ती चिखलाची घरटी! मडक्यासारखी एकाला एक चिकटलेली, भिंगऱ्यांची, तलावाकाठचा चिखल चोचीत आणून बांधतात. चिखलाचं सूप कोण पिणार? आणि आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात जी काळी पाकोळी राहते, पांढऱ्या कंबरेची, तिच्या घरट्यात लाळ असते खरी पण ती डिंकासारखी, बाकी पिसं आणि गवताच्या काड्या. त्याला बाजार नाही. संध्याकाळी यांनी स्पीकर लावला तर त्याच शाळेवरच्या चार-सहा येऊन फिरल्या, आणि पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. सर्व्हे पास.

ज्या जातीचं घरटं बाजारात चालते ती आपल्या देशात अंदमान-निकोबारला आहे. तिच्या नात्यातली भारतीय पाकोळी महाराष्ट्रात आहे पण पार दुसऱ्या टोकाला, वेंगुर्ल्यासमोर समुद्रातल्या खडकांच्या गुहेत. तिथलीही घरटी चोरून नेत होते, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने त्यासाठी राखण केली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्याच्या अंड्या-घरट्याला धक्का लावणंसुद्धा शिकारीत मोजतात. मग उद्या माझ्या बिल्डिंगमधलं घरटं मी काढलं तर वनखातं मला काय म्हणेल हे सर्व्हेवाल्याने सांगितलं नाही, मी विचारलं तर म्हणे त्याचं लायसन्स कंपनी पाहते. कोणतं लायसन्स, कोणाकडून, काही नाही.

हवेचं तर बोलूच नका. त्या घरात आत २६ ते ३० डिग्री आणि दमटपणा ८० ते ९० टक्के लागते, वर्षभर. आपल्याकडे मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरला पारा ४६ च्या वर जाते आणि दुपारी हवा अशी कोरडी की धुतलेला दुपट्टा हातातच वाळते. म्हणजे पाखरांसाठी तीन मजले कूलर लावायचे, आणि आमच्या घरी कूलरला पाणी टाकायला लाइन नसते! धान आहे, मामा तलाव (जुने मालगुजारी तलाव) आहे, बोड्या (शेतातली लहान तळी) आहेत, खरिपात किडे भरपूर हे मान्य, समुद्रसपाटीपासून उंचीही फार नाही, तेवढ्या दोन विषयांत आपण पास. पण धानावरच्या तुडतुड्या किडीसाठी आपण फवारणी किती करतो ते पण धरा की राव, ज्याने किडे खाऊन जगायचं त्याच्या ताटात आपणच विष कालवणार.

आणि भाव. तोही कायम नसते. २०११ मध्ये मलेशियाच्या लाल घरट्यात नायट्राइट नावाचं रसायन सापडलं म्हणून चीनने माल बंद केला, तिथे वर्षानुवर्षं मुरलेले लोक आडवे झाले. आपण तर पहिल्याच वर्षी कर्ज काढून बसणार.

मला हे काहून कळते? कारण त्याच २०११ च्या सुमारास मी इमूच्या, त्या शहामृगासारख्या मोठ्या पक्ष्याच्या, जोड्या घेतल्या होत्या. बायबॅक, अंडी आम्ही घेऊ, तेल आम्ही काढू, सगळं स्टॅम्प पेपरवर होतं. एक दिवस ऑफिसला कुलूप. जोड्या दिवसाला किती खात होत्या ते मलाच माहीत, विकाव्या तर कोणी घेईना, सोडून द्याव्या तर मन होईना. तो शेड अजून आहे, त्यात तणीस भरतो. बायको आजही नवीन काही आलं की नुसतं शेडकडे पाहते, बोलत नाही.

साहेब, तुमच्या पेपरात "नोकरी सोडून लाखो कमावले" अशा बातम्या येतात, त्या वाचूनच आमचे पोट्टे पेटतात. एकदा त्या जागी हे छापा की पाकोळी फार्म काढायचा तर पहिला सर्व्हे पक्ष्याचा, जमिनीचा नंतर. वनखात्याच्या एखाद्या अधिकाऱ्याला किंवा पक्षी ओळखणाऱ्या मास्तरला विचारून चार ओळी टाकल्या तरी चालेल, माझं नाव नको, ते दोघं माझ्या मेव्हण्याच्या ओळखीचे आहेत. फक्त पुढच्या रविवारच्या आत छापा, समाजमंदिरात त्यांची मीटिंग आहे आणि गावातले सात जण फी घेऊन जाणार आहेत, त्यात माझा लहान भाऊ पण आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. लाखांदूर, जि. भंडारा