सोलापूरच्या लेकरांची जनुकीय तपासणी सोलापुरातूनच व्हावी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

माझ्या मुलीच्या पायांवर तिसऱ्या वर्षी जांभळट जाळी उमटू लागली. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेबनीस आहे, त्यामुळे असेल, पण मला ती विरळ विणीच्या कापडासारखी दिसली. घरच्यांनी उष्णता समजून सब्जा दिला. ताप येई आणि आपोआप उतरे. पाचव्या वर्षी एका सकाळी तिच्या उजव्या हातातून दुधाचा पेला निसटला व तोंड वाकडे झाले. एवढ्या लहान मुलीला पक्षाघात होतो, हे दवाखान्यात पोहोचेपर्यंत आम्हाला पटत नव्हते.

बऱ्याच उशिरा निदान झाले, ते ‘एडीए-२’ या एन्झाइमच्या कमतरतेचे. हे एन्झाइम बनवणाऱ्या, २२व्या गुणसूत्रावरील जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या की ते जेमतेमच तयार होते आणि रक्तवाहिन्यांना दाह होऊ लागतो. हा आजार अमेरिका व इस्रायलमधील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रथम नेमका ओळखला. त्यामुळे त्याआधी शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांवर माझा रोष नाही.

माझी पत्नी माझ्या सख्ख्या मामाची मुलगी आहे. आमच्याकडे अशी सोयरीक नवलाची नाही; मात्र एकाच आजोबा-आजींकडून आलेली सदोष प्रत दोघांकडे असण्याची शक्यता त्यात वाढते, आणि दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे आम्हाला कोणी आधी सांगितले नव्हते. नंतर सांगितले, ते समुपदेशन म्हणून नव्हे, तर दटावणी म्हणून. शिवाय तोच दोष असलेल्या सख्ख्या भावंडांपैकी एकाला पक्षाघात होतो, तर दुसऱ्याला नुसता रक्तक्षय. म्हणून रुग्णाइतकीच भावंडांचीही तपासणी आवश्यक ठरते.

निदानाची घाई यासाठी की टीएनएफ-रोधक (शरीरातील टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाला रोखणाऱ्या) इंजेक्शनांनी पुढचे झटके बहुतांशी टळतात, तर पक्षाघातानंतर सहसा दिली जाणारी ॲस्पिरिन या आजारात मेंदूतील रक्तस्रावाच्या धोक्यामुळे शक्यतो टाळतात. निदान नसेल, तर हा फरक करणार कोण?

२०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली मुंबईचे केईएम रुग्णालय उत्कृष्टता केंद्र आहे, ही जमेची बाजू. परंतु रक्ताच्या एका नमुन्यासाठी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने आजारी मूल घेऊन जायचे, आणि २ ते ८ अंशांत ठेवायचे इंजेक्शन सोलापूरच्या मे महिन्यात बर्फाच्या डब्यातून आणायचे, यात रोजंदारीवरच्या कुटुंबाचा धीर सुटतो. अशा मुलांचे नमुने जिल्ह्यातच घेऊन शासकीय खर्चाने पुढे पाठवावेत, इंजेक्शने जिल्ह्यात मिळावीत आणि मराठी, तेलुगू व कन्नडमध्ये समजावून सांगणारा एक जनुकीय समुपदेशक येथे नेमावा, ही विनंती. धाकट्या मुलाची तपासणी अद्याप व्हायची आहे. त्याच्या पायांवर जाळी नाही. रोज आंघोळीच्या वेळी मी पाहतो.

आपला,
एका रुग्ण मुलीचा पिता, सोलापूर