क्षेत्रभेटीच्या अर्ध्या तासात व्यवसाय कळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की आमच्या उद्यमनगरात पालकांची ये-जा सुरू होते. "मार्क बेताचेच आहेत, आयटीआयला घालावं म्हणतोय, फिटर बरा की टर्नर?" असे वडील विचारत असतात आणि मुलगा त्यांच्या मागे गप्प उभा असतो. कोल्हापुरात लेथ आणि मिलिंगचे, म्हणजे मशीनवर धातू कापून सुटे भाग घडवण्याचे, छोटे वर्कशॉप मी गेली २८ वर्षे चालवत आहे, आणि दर वर्षी मला एकच गोष्ट खटकते. ज्या मुलाला टर्नर करायचे ठरले आहे, त्याने टर्नरचे मशीन, म्हणजे लेथ, चालताना कधी पाहिलेला नसतो. ज्याला ९० टक्के मिळाले म्हणून सायन्सला घातले आहे, त्यानेही इंजिनिअर दिवसभर नेमके काय काम करतो हे पाहिलेले नसते.

शाळा काहीच करत नाहीत असे नाही. गेल्या हिवाळ्यात एका हायस्कूलचे नववीचे पन्नासएक विद्यार्थी आमच्याकडे क्षेत्रभेटीला आले. अर्धा तास थांबले, फोटो काढले आणि पुढच्या कारखान्यात गेले. मशीनच्या आवाजात माझे बोलणे पहिल्या रांगेपलीकडे पोचले नसावे. त्यातली एक मुलगी मात्र मागे रेंगाळली. प्रत्येक कटनंतर हे काका मशीन थांबवून पुन्हा पुन्हा माप का घेतात, असे तिने विचारले. हा प्रश्न मला इतका आवडला की तिने शनिवारी यावे, असे मी तिच्या सरांना सुचवले. घरच्यांनी आधी नकारच दिला. मुलीला उद्यमनगरात कशाला पाठवायचे, हा त्यांचा प्रश्न होता. आई स्वतः येऊन वर्कशॉप पाहून गेली, लेखी संमती मिळाली, आणि ती मुलगी व तिच्या वर्गातला एक मुलगा असे दोघे अकरा शनिवार आले.

मशीनला त्यांनी हात लावायचा नाही, हे पहिल्या दिवशीच ठरले होते. आमच्या सर्वात जुन्या टर्नरशेजारी बसून त्यांनी व्हर्निअर हे माप घेण्याचे साधन धरायला आणि ड्रॉइंग वाचायला शिकायचे, एवढेच काम होते. एकदा टेपर टर्निंगचा, म्हणजे गोल दांडा एका टोकाकडे निमुळता कापण्याचा, जॉब आला. एका टोकाला व्यास ३० मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला २४, लांबी ६०. कोन किती लावायचा हे टर्नरने तिला काढायला सांगितले. नववीच्या पुस्तकात नुकतीच त्रिकोणमिती झालेली असल्यामुळे तिने ६ भागिले ६० करून मोबाइलवर उत्तर काढले, पावणेसहा अंशांच्या जवळपास. स्वतः सातवी शिकलेला आमचा टर्नर वहीकडे न बघता म्हणाला, "दुप्पट झालाय, बाळ. टूल एकाच बाजूनं कापतं." व्यासातल्या फरकाचे निम्मे घ्यायला हवे होते, म्हणजे कोन तीन अंशांच्याही किंचित आतच येतो. ती बराच वेळ ड्रॉइंगकडे पाहत राहिली आणि मग तिने स्वतःच मधली अक्षरेषा आखली. टॅन हे गुणोत्तर कशासाठी असते, हे तिला त्या रेषेवर कळले. बरोबरच्या मुलाला मात्र तेलाचा वास आणि आवाज सोसेना. तो स्टोअरमध्ये रमला आणि आता कॉमर्सला जाणार म्हणतो. हे कळणेही मला तितकेच मोलाचे वाटते, कारण एरवी ते दोन वर्षे आणि बरीच फी घालवल्यावर कळते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे असे म्हटले आहे. ते चांगलेच आहे. पण शाखा निवडायची वेळ दहावीनंतर येते, आणि त्याच्या तोंडावर मुलाच्या हाती फार तर एखाद्या कल चाचणीचा अहवाल असतो. दहा सुटे दिवस आणि एक चाचणी यांतून कामाची ओळख होत नाही. ती एकाच माणसाजवळ पुन्हा पुन्हा बसून होते.

हे आपल्या राज्याला नवे नाही. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, आणि तिथून उभ्या राहिलेल्या उपक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम करत शिकतात. वेल्डिंग, बांधकाम, शेती, पशुपालन, आरोग्य असे सगळे त्यात येते. शिकवणारेही बहुधा गावातलेच कुशल लोक असतात. आठवड्यातला तो एक दिवस वेळापत्रकातच धरलेला असल्यामुळे टिकतो, असे मला वाटते. आपल्याकडे कार्यानुभवाचा तास मात्र परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी गणिताला दिला जातो.

माझी शिक्षण विभागाला आणि मुख्याध्यापकांना विनंती आहे की, नववीच्या दुसऱ्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याला निदान दहा शनिवारांसाठी एक ठरावीक मार्गदर्शक द्यावा. तो मालक असण्याची गरज नाही. टर्नर, परिचारिका, हिशेबनीस, डेअरीतला तंत्रज्ञ असा रोज काम करणारा माणूस हवा. त्याच्या वेळेचे मानधन शाळेच्या किंवा विभागाच्या खर्चात धरावे, कारण पीस रेटवर, म्हणजे नगामागे मजुरीवर, काम करणाऱ्या माणसाचा शनिवार फुकट मागणे योग्य नाही. मुलांचा विमा उतरवावा. आणि यातून फुकटचे मजूर मिळवण्याची वाट कोणालाही सापडता कामा नये. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्याने १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामावर ठेवण्यास मनाई केलेली आहे. शिकायला आलेल्या विद्यार्थ्याकडून तर उत्पादनाचे कोणतेच काम घेऊ नये आणि फौंड्रीच्या भट्टीजवळ त्याला उभेही करू नये.

येत्या सत्रापासून आमच्या वर्कशॉपमध्ये दर शनिवारी सकाळी नऊ ते एक या वेळेत दोन विद्यार्थ्यांची सोय करण्यास मी तयार आहे. टर्नरशी बोललो आहे, त्यांचीही तयारी आहे. व्हर्निअर मात्र एकच होता, म्हणून आणखी एक आणून ठेवला आहे.

आपला,
एक लघुउद्योजक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर