कामाच्या अहवालात पाण्याच्या वाटाही हव्यात

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या वॉर्डाच्या नगरसेविकांनी वर्षभराच्या कामाचा छापील अहवाल नुकताच घरोघर पोचवला. मजकूर गुजरातीत आहे, आणि आमच्या भागात मराठी घरं पुष्कळ म्हणून मागच्या पानावर मराठीतही. आधी हे मनापासून सांगते की केलेलं काम छापून मतदाराच्या हातात देणारा लोकप्रतिनिधी मला मोलाचा वाटतो. वडोदऱ्यात 19 वॉर्ड आहेत, प्रत्येकात चार याप्रमाणे 76 नगरसेवक. असा हिशेब सगळ्यांनीच द्यावा.

पेवर ब्लॉक, बाकडी, एलईडी दिवे, बागेतली व्यायामाची साधनं, अंगणवाडीची रंगरंगोटी, गणपती-नवरात्रात मंडळांना केलेली मदत, ज्येष्ठांसाठी तपासणी शिबिर, हे सगळं अहवालात आहे आणि ते झालेलंही आहे. ड्रेनेजची जुनी लाइन बदलली, त्याचं मला विशेष कौतुक आहे. जमिनीखालचं काम फोटोत येत नाही, उद्घाटनाला फीत कापता येत नाही, रस्ता खोदला म्हणून लोकांची बोलणी मात्र खावी लागतात. तरी ते झालं.

पण शेवटच्या पानापर्यंत मी एक गोष्ट शोधत होते, ती सापडली नाही. पाऊस आला की आमच्या वॉर्डातलं पाणी कुठून जातं, आणि ती वाट आज मोकळी आहे का?

हा प्रश्न वडोदऱ्यात कुणाला सुचत नाही असं नाही. जोराचा पाऊस लागला की घराघरांतून एकच विचारणा सुरू होते: काळ्या घोड्यापाशी किती फूट? म्हणजे तिथल्या पुलापाशी विश्वामित्री नदीचं पाणी किती चढलं. ऑगस्ट 2024 मध्ये, जन्माष्टमीच्या पावसानंतर, विश्वामित्री 35 फुटांच्याही वर गेली. धोक्याची पातळी 26 फूट. लष्कर बोलवावं लागलं, मगरी सोसायट्यांच्या आवारात शिरल्या. त्याआधी 2019 मध्ये जुलैच्या शेवटच्या दिवशी चोवीस तासांत 20 इंचांच्या आसपास पाऊस पडला होता, तेव्हाही शहर असंच बुडालं. पाच वर्षांत दोनदा ज्या गावाने हे सोसलं, तिथल्या वॉर्डाच्या अहवालात पाण्याचं पान नसावं हे मला खटकतं.

विश्वामित्री पावागडाच्या डोंगरांतून येते. वर पडलेला पाऊस, आजवा आणि प्रतापपुरा सरोवरांतून सुटणारं पाणी आणि खुद्द शहरात कोसळणारा पाऊस, ही तिन्ही पाणी एकाच वेळी एकाच पात्रात येतात. शहराचं पाणी नदीपर्यंत नेतात ते कांस. भूखी, रूपारेल, मसिया ही नावं इथल्या जुन्या लोकांना पाठ आहेत, नव्या सोसायट्यांत विचाराल तर कांस म्हणजे मागच्या बाजूचं घाणेरडं गटार एवढंच ठाऊक असतं. नदी तुडुंब भरली की कांसाचं पाणी तिच्यात शिरत नाही, उलट नदीच कांसाच्या वाटेने मागे वस्तीत येते. म्हणूनच नदी जिथून दिसतही नाही अशा गल्ल्यांत कमरेएवढं पाणी होतं. अशा वेळी कांसात भराव पडलेला असला, त्यावर स्लॅब टाकून पार्किंग केलेलं असलं, मोरी कचऱ्याने तुंबलेली असली, तर नदी उतरल्यावरही वस्तीतलं पाणी दिवसच्या दिवस हलत नाही. तळ्यांचंही तसंच. काठ पक्के बांधून फिरायला सुंदर पथ केला आणि आजूबाजूचं पाणी तळ्यात यायची वाटच बुजवली, तर ते पाणी रस्त्यावर थांबणार.

2025 च्या पावसाळ्याआधी नदीचं पात्र रुंद आणि खोल करण्याचं मोठं काम झालं. ते राज्य आणि महापालिकेच्या पातळीवरचं, एका नगरसेविकेच्या हातातलं नव्हे, हे मला मान्य आहे. पण आमच्या गल्लीतली पावसाळी गटाराची जाळी, शाळेमागची मोरी, कांसाच्या काठावर टाकलेला बांधकामाचा राडारोडा, या गोष्टी गांधीनगरहून कुणी पाहणार नाही. वॉर्डातच पाहिल्या तर पाहिल्या जातात. आणि तो राडारोडा टाकणारेही आपल्यातलेच असतात. घराचं काम काढलं की तोडफोडीचा माल रात्री कुठे जातो, हे प्रत्येक गल्लीला माहीत असतं.

हे लिहिताना मला आपल्या शहराचा एक जुना शिरस्ता आठवतो. सयाजीराव महाराजांच्या काळात बडोदे राज्याचा वार्षिक कारभार अहवाल छापला जाई. पाऊस किती पडला, शाळांत मुलं किती, साथीत माणसं किती गेली, खर्च कुठे झाला, हे त्यात असे. आजव्याचं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उतारावर शहरात आणलं तेही त्याच राजवटीत. जमिनीचा उतार ओळखून कामं करणारं आणि बरं-वाईट दोन्ही छापणारं हे गाव आहे. चांगलं तेवढं सांगणाऱ्या अहवालावर आपण समाधान मानू नये.

आता लोकजीवनाबद्दल. अहवालात त्या मथळ्याखाली उत्सव आहेत, आणि उत्सव हवेतच. दांडिया बाजार, रावपुऱ्याचा गणपती नसेल तर माझं वर्ष पुरं होणार नाही. पण 2024 चा पूर ओसरला आणि दीड आठवड्यात गणपती बसले, त्या मधल्या दिवसांत मंडळांची पोरं मूर्तीची तयारी सोडून जेवणाची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या पोचवत होती, हेही लोकजीवनच. आमच्या भागातल्या कितीतरी मराठी घरांत आज फक्त आजी-आजोबा राहतात. मुलं पुण्याला, मुंबईला, नाहीतर परदेशात. पूर आला की सुरक्षेसाठी वीज बंद करतात, ते योग्यच आहे. पण वीज गेली की वरच्या टाकीत पाणी चढत नाही, लिफ्ट थांबते, फोनची बॅटरी संपते. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, अशा स्थितीत ऐंशीच्या घरातल्या एकट्या बाईने गोळ्या संपल्याचं कुणाला सांगायचं? तळमजल्यावर कोण एकटं राहतं, कुणाला इन्सुलिन लागतं, कुणाला उचलूनच न्यावं लागेल, ही यादी आज कुठेही लिहिलेली नाही. ती शेजाऱ्यांच्या डोक्यात आहे, आणि ते शेजारीही म्हातारे होत चालले आहेत. तपासणी शिबिरात ज्येष्ठांची नावं लिहून घेतलीच होती. त्यांच्या संमतीने तीच नोंद पावसाळ्यासाठी पुढे नेणं अवघड नाही.

तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरात एक वा अधिक वॉर्डांसाठी प्रभाग समित्या असाव्यात, असं राज्यघटनेच्या 243-एस कलमात 74 व्या दुरुस्तीपासून लिहिलेलं आहे. 2011 च्या जनगणनेतच आपली वस्ती साडेसोळा लाखांच्या वर होती. समित्यांचं काय व्हायचं ते होवो, मी त्याहून साधी गोष्ट मागते आहे. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे प्री-मान्सूनची कामं हातात असताना, वॉर्डातल्या शाळेच्या हॉलमध्ये एक संध्याकाळ ठेवावी. चारही नगरसेवक आणि वॉर्ड ऑफिसचे इंजिनिअर यांनी यावं. वॉर्डाचा नकाशा भिंतीवर लावावा, त्यावर कांस, मोऱ्या, पावसाळी गटारं आणि तळं दाखवावं, कोणतं साफ झालं आणि कोणतं राहिलं ते तारखेसह सांगावं. जिथे अतिक्रमण आहे तिथे आहे असं म्हणावं. लोकांनी प्रश्न विचारावेत, आणि आपल्या गल्लीतल्या एकट्या माणसांची नावं तिथेच द्यावीत. पुढच्या वर्षीच्या अहवालात याचं एक पान असावं, बाकीची पानं आहेत तशीच राहू द्यावीत.

हॉलची व्यवस्था, चहा, घरोघर निरोप, हे आमचं महिला मंडळ करील, तसं आम्ही नगरसेविकांना लेखी कळवलं आहे. इतर वॉर्डांतल्या वाचकांनीही आपापल्या नगरसेवकांकडे हीच मागणी करावी, म्हणून हे पत्र छापावं ही विनंती.

आपली नम्र,
एक ज्येष्ठ वाचक, वडोदरा